किनाऱ्यावरची सायकल आणि ग्रीसची निवड: एका जोडणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मंदार (नाव बदललंय) दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो आणि नोकरीला दापोलीत जातो, म्हणजे सकाळी समुद्रापासून वर चढायचं, संध्याकाळी उतरायचं, जाऊन येऊन तीसेक किलोमीटर, आणि ते बाराही महिने, पावसाळ्यासकट. त्याच्या मामाने परदेशातून येताना एक नव्वदच्या दशकातली क्रोमोली स्टीलची माउंटन बाइक आणली होती. २६ इंची चाकं, थ्रेडवाला हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग), क्विल स्टेम (हँडल धरणारी, फोर्कच्या नळीत आत जाणारी दांडी), व्ही ब्रेक, हबमध्ये कोन (एक्सलवरचे, छऱ्यांना दाबून धरणारे निमुळते नट) आणि सुटे छर्रे. फ्रेम इतकी छान आहे की अशी आता नवीन घ्यायची म्हटली तर परवडणार नाही.

मंदारचे वडील, आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणतो, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि तिथूनच रिटायर झाले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं सगळं सामान आहे, व्हाइस आहे, पाने आहेत, आणि एपी थ्री ग्रीसचा, म्हणजे गाड्यांना लावतात त्या साध्या लिथियम ग्रीसचा, मोठा डबा कायम असतो. मी चिपळूणला सायकलींची कामं करतो, मंदारची ओळख तिथलीच, आणि ही सायकल पूर्ण उघडून परत जोडायची ठरली तेव्हा त्याने मला बोलावलं. ग्रीस कुठलं लावायचं हा प्रश्न सुरुवातीला कुणाच्या डोक्यात पण नव्हता. तात्यांच्या मते तो प्रश्नच नव्हता, डबा समोर होता.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की आपल्याकडे ग्रीसचा विषय निघाला की लोक ब्रँड विचारतात, आणि या सायकलीत ब्रँडमुळे काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते प्रत्येक जागेला ग्रीसचं काम वेगळं असतं हे न बघितल्यामुळे.

अडचण काय होती

तीन गोष्टी एकामागून एक झाल्या.

पहिली जानेवारीत. मंदार आणि त्याचे दोन मित्र पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले, वर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. थंडी चांगलीच होती. पहिल्याच चढाला उभं राहून पायडल मारलं आणि पायडल रिकामं फिरलं, धाडकन पाय खाली गेला. परत मारलं, परत तेच. ऊन वर आल्यावर आपोआप कमी झालं म्हणून त्याला वाटलं चेन स्लिप होत असेल. चेन नव्हती. मागच्या फ्रीहबच्या, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागाच्या, आत जी कुत्री असतात, म्हणजे स्प्रिंगवर उघडणारे छोटे खटके, ती दातात बसत नव्हती. आदल्या पावसाळ्यानंतर एका मेकॅनिकने फ्रीहब उघडून त्यात घट्ट ग्रीस ठासून भरलं होतं, आणि थंडीत ते आणखी घट्ट झाल्यावर त्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची काय ताकद की ती खटका वर ढकलेल. त्या माणसाने हे काम मनापासून केलं होतं हे पण सांगायला हवं. पाणी आत जाऊ नये म्हणूनच त्याने भरलं होतं.

दुसरी, सीट पोस्ट. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीट पोस्ट, आणि तो कित्येक वर्षं कुणी हलवलेला नव्हता. काढायला गेलो तर हलेना. पेनिट्रेटिंग ऑइल टाकून ठेवलं, फ्रेम उलटी करून खालून बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचं बेअरिंग) बाजूने पण टाकलं, मग पोस्ट व्हाइसमध्ये घट्ट पकडून फ्रेमच फिरवून बघितली, पोस्टचं डोकं पिळवटलं पण पोस्ट काही सुटला नाही. शेवटी वरचा भाग कापून टाकला आणि हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून आतून उभी चीर पाडत बसलो, फ्रेमला पातं लागू नये म्हणून अगदी सावकाश, तात्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला करूच दिलं नाही. चीर आरपार गेल्यावर पोस्ट आत दुमडून निघाला. बाहेरून त्याच्यावर सगळीकडे पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. खाल्लं जाऊन जे तयार होतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून ते आतल्या आत फुगून पोस्टला आवळत जातं. मीठ नसेल तिथेही हे होतं पण फार हळू होतं.

तिसरी गोष्ट बीबीची. क्रँक काढून कटोरी सोडली तर आतून तपकिरी पाणी वाहिलं. छर्रे गंजलेले, एक्सलवर खड्डे. पाणी कटोरीच्या बाजूने गेलं असेल असं मंदारला वाटत होतं. ते गेलं होतं वरून, सीट ट्यूबमधून. सीट पोस्टच्या फटीतून पाणी उतरतं, थेट बीबीच्या पोटात साठतं आणि तिथेच राहतं. फ्रेमला खाली एक बारीक भोक होतं पाणी जायला, ते चिखलाने आणि जुन्या रंगाने बुजलेलं होतं.

समोर कुठले पर्याय होते

शेडमध्ये बसून चर्चा झाली, ती बरीच लांबली, आणि तात्यांचं म्हणणं आधी सांगतो कारण ते अनुभवातून आलेलं होतं.

"अरे, गाडीचं बेअरिंग लाख-लाख किलोमीटर चालतं याच ग्रीसवर, सायकलीचं काय घेऊन बसलास," असं त्यांनी मंदारला सांगितलं. मी म्हटलं, "तात्या, तुमचं बरोबर आहे, पण गाडीच्या हबला त्रास कशाचा होतो?" ते लगेच म्हणाले, "गरमीचा. घाट उतरताना ड्रम तापतो, ग्रीस पातळ होऊन लायनरवर आलं की ब्रेक गेलाच." इथेच खरा फरक होता. सायकलचं २६ इंची चाक ताशी २० किलोमीटरला मिनिटाला साधारण १६० फेरे फिरतं, क्रँक तर ऐंशी-नव्वद. त्या वेगाला ग्रीस तापत नाही. कोस्टर ब्रेकचा (पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक) हब सोडला, कारण तिथे ब्रेकची उष्णता हबच्या आतच तयार होते, तर सायकलमध्ये ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट, म्हणजे ते पातळ होऊन थेंब पडायला लागतात ते तापमान, बघण्यात काही अर्थ नाही. साध्या लिथियम ग्रीसचा तो १८०-१९० अंशाच्या आसपास असतो, आपल्याला त्याच्या जवळपास पण जायचं नाहीये. सायकलच्या ग्रीसला मारतं ते पाणी, आणि किनाऱ्यावर खारं पाणी, आणि बारीक वाळू.

ग्रीस म्हणजे मुळात तेलच, ते जागेवर धरून ठेवायला त्यात एक घट्ट करणारा पदार्थ, बहुतेक वेळा धातूचा साबण, आणि वर गंज आणि झीज रोखणारी थोडी रसायनं. लिथियम, कॅल्शियम, पॉलियुरिया अशी जी नावं येतात ती या घट्ट करणाऱ्या पदार्थाची. पाण्यात ग्रीस कसं वागेल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. रंगावर काहीच ठरत नाही, हिरवा, लाल, निळा हा फक्त डाय असतो. हे लिहायलाच हवं कारण "हिरवं ग्रीस चांगलं" असं म्हणणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात.

मग घट्टपणा. तो एनएलजीआय नंबरने सांगतात. २५ अंश तापमानाला ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसवर सोडायचा, पाच सेकंदांत किती खोल जातो ते मोजायचं, नंबर २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो आणि नंबर ३ मध्ये २२ ते २५. एपी थ्री मधला तीन तो हाच. हातावर घेतलं तर नंबर २ घट्ट श्रीखंडासारखं लागतं, ३ त्याहून कडक. गाडीच्या हबला कडक चालतं, पण सायकलच्या छोट्या छऱ्यांना ते एकदा बाजूला ढकललं गेलं की परत वाटेवर यायला वेळ लागतो, छर्रे कोरड्या पट्टीत फिरत राहतात आणि ग्रीस कडेला छान साठून बसलेलं दिसतं.

तर पर्याय असे पुढे आले. एक, एपी थ्रीच सगळीकडे. स्वस्त, हाताशी, आणि खरं सांगायचं तर भारतातल्या बहुतेक सायकली यावरच चालल्यात आणि चालतायत. लिथियम ग्रीस पाण्याला बऱ्यापैकी टिकतं पण सतत पाणी लागत राहिलं की दुधाळ होतं आणि हळूहळू धुऊन जातं.

दोन, सायकलसाठी म्हणून मिळणारी ट्यूब. मंदारने मोबाइलवर तीन-चार काढून ठेवल्या होत्या. त्या चांगल्या असतात, माझा त्यांना विरोध नाही, शहरात राहणाऱ्याने वर्षाला एक ट्यूब घेतली तर कटकट मिटते. पण वजनाच्या हिशोबाने त्या कितीतरी पट महाग पडतात आणि महाग वस्तू माणूस जपून लावतो. किनाऱ्यावरच्या सायकलला ग्रीस जपून लावलं तर तिथेच सगळं संपलं.

तीन, मरीन ग्रीस. हे मंदारच्या वहिनीने सुचवलं, तिचं माहेर बोटीवाल्यांचं. ती म्हणाली, "भावोजी, बंदरावर आमचे दादा इंजिनाला लावतात ते का नाही घेत? ते तर पाण्यातच असतं." बंदराजवळच्या दुकानात गेलो तर तिथे दोन प्रकार होते, एकावर नुसतंच वॉटरप्रूफ लिहिलेलं, दुसऱ्यावर कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स आणि एनएलजीआय २ असं स्पष्ट छापलेलं. दुसरं घेतलं. कॅल्शियम सल्फोनेटचा गुण असा की गंज रोखणं हे त्या घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या अंगातच असतं, वेगळं रसायन टाकावं लागत नाही, आणि त्यात पाणी मिसळलं तरी ते ढिलं पडत नाही. लोक बोटावर ग्रीस आणि पाणी चोळून "बघा, पाणी घेतच नाही" अशी परीक्षा करतात, ती फसवी आहे. हे ग्रीस पाणी घेतं, पण घेऊन सुद्धा जागेवर राहतं. बघायचं ते हे.

चार, काळं ग्रीस. तात्यांच्याकडे पाटे-स्प्रिंगला लावायचं ग्रॅफाइट ग्रीस होतं आणि सीट पोस्टला तेच लावू, कधी अडकणार नाही, असं त्यांना वाटत होतं. याला मी ठाम नाही म्हटलं. स्टीलच्या पाट्यांवर ते उत्तम, पण ग्रॅफाइट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी आलं तर अॅल्युमिनियमच खाल्लं जाणार. ज्या रोगाने पोस्ट कापावा लागला त्याच रोगाला आमंत्रण.

पाच, अँटीसीझ पेस्ट, म्हणजे भाग एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावायची धातूची भुकटी घातलेली पेस्ट. तांब्याची सहज मिळत होती, अॅल्युमिनियमची जवळपास मिळाली नाही. सहा, स्प्रेमध्ये येणारं पांढरं लिथियम, आणि पेट्रोलियम जेली, हे दोन्ही "घरात आहे म्हणून" या सदरातले.

ठरवण्याआधी केलेली एक गोष्ट

नुसत्या बोलण्यावर तात्या ऐकणारे नव्हते आणि ते योग्यच होतं. त्यांनीच सुचवलं की बोल्ट टांगू. एकाच पुडीतले साधे लोखंडी बोल्ट घेतले, प्लेटिंग नसलेले, प्रत्येकाला वेगळं ग्रीस सारखंच पातळ फासलं, एक कोरडा ठेवला, आणि समुद्राच्या बाजूच्या वळचणीला सुतळीने टांगले. रोज सकाळी वहिनी झाडांना पाणी घालायच्या आधी त्यांच्यावर समुद्राचं तांब्याभर पाणी ओतायची.

कोरडा बोल्ट तर लगेच लाल झाला. पेट्रोलियम जेली दुपारच्या उन्हात पातळ होऊन ओघळली आणि वरची बाजू उघडी पडली. पांढऱ्या स्प्रेचा थर इतका पातळ होता की आट्यांच्या कडांवर ठिपके आले. एपी थ्री बरेच दिवस टिकलं, मग ज्या बाजूवर पाणी पडायचं त्या बाजूने झिजत गेलं आणि तिथे गंज धरला. मरीन ग्रीसचा बोल्ट होळीपर्यंत तसाच होता, फक्त त्याच्यावर धूळ चिकटून तो मळका झालेला.

हा काही लॅबमधला प्रयोग नाही. बेअरिंगच्या आत काय होतं हे वळचणीला टांगलेला बोल्ट सांगत नाही. पण गंज कोण थोपवतं एवढं तो सांगतो, आणि मुख्य म्हणजे ते तात्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. डबा कपाटात गेला तो त्यांनीच ठेवला.

काय ठरलं आणि का

ठरलं ते असं की एकच मुख्य ग्रीस, ते मरीन नंबर २, आणि जिथे ग्रीस नको तिथे अजिबात नको.

चार वेगवेगळी ग्रीस आणण्याचा मोह मंदारला होता. तो टाळायला मीच सांगितलं. घरात चार डबे असले की दोन वर्षांनी कुठे काय लावलं होतं हे कुणाला आठवत नाही आणि मग मिसळ होते. सगळी ग्रीस एकमेकांशी जमत नाहीत, विशेषतः लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र आली की बरेचदा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. त्यामुळे जुनं पूर्ण काढायचं हा नियम पहिला. डिझेलमध्ये सगळे भाग बुडवले, ब्रशने घासले, चिंधीने पुसले, मग वाळवले, आणि शेवटी स्पिरिटने परत पुसले कारण डिझेलचा तेलकट थर राहतो. या कामाला जोडणीपेक्षा जास्त वेळ गेला.

सीट पोस्टचा निर्णय सगळ्यात अवघड होता. तांब्याची पेस्ट लावावी का? तांबं आणि अॅल्युमिनियम एकत्र, तेही मिठात, हे मला पटत नव्हतं, जरी ती पेस्ट वापरून काही त्रास न झालेले लोक मला माहीत आहेत. शेवटी साधं मरीन ग्रीसच, पण ट्यूबच्या आत आणि पोस्टवर दोन्हीकडे भरपूर, आणि सोबत अट अशी की दर दोन महिन्यांनी पोस्ट काढायचा, पुसायचा, परत लावायचा. माझ्या मते या जागी कुठलं ग्रीस याला फार कमी महत्त्व आहे, पोस्ट नियमित हलवणं हेच औषध आहे. (कार्बनचा पोस्ट किंवा कार्बनची फ्रेम असेल तर मात्र ग्रीस नाही, तिथे बारीक कण असलेली वेगळी असेंब्ली पेस्ट असते जी पकड वाढवते.)

फ्रीहबला ग्रीस नाही. कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या, काढून, डिझेलने आतलं सगळं कडक ग्रीस वाहवून टाकलं, आणि घट्टसर गिअर ऑइलचे काही थेंब. खटक्यांचा तो कुर्रकुर्र आवाज परत आला तेव्हा मंदारचा चेहरा बघण्यासारखा झाला. तात्यांना यात शंका होती की तेल पावसात टिकणार नाही. बरोबरच होतं त्यांचं, ते टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात मधेच परत टाकायचं असं ठरलं. खटका न लागण्यापेक्षा तेल परत टाकणं परवडलं.

चेनला ग्रीस लावायचा विषय पण निघाला, तो मी पुढे जाऊच दिला नाही. वाळूच्या रस्त्यावर चेनला ग्रीस म्हणजे सँडपेपर. रिम आणि ब्रेकचे रबर यांच्या जवळपास ग्रीसचा हात न्यायचा नाही, फक्त ब्रेकचे आर्म ज्या खुंट्यांवर फिरतात तिथे थोडंसं.

प्रत्यक्ष जोडणी

बीबीला सुट्या छऱ्यांऐवजी बंद कार्ट्रिज घेतलं. त्यात आपल्याला आत ग्रीस भरायचं नसतं, पण कवचाच्या आट्यांना भरभरून लावलं, दोन्ही बाजूंना, कारण हे कार्ट्रिज पाच वर्षांनी निघायला हवं. उजव्या बाजूच्या आट्या उलट्या असतात हे तात्यांना पहिल्यांदा पटेना, मग त्यांनी फिरवून बघितलं. खालचं भोक ड्रिलच्या बारीक बिटाने साफ केलं. या सगळ्या जोडणीतलं सर्वात मोलाचं काम मला हे वाटतं आणि त्याला एक पैसा लागला नाही.

चौकोनी एक्सलच्या टोकांना ग्रीस लावावं की नाही यावर जगभर मतभेद आहेत. क्रँक जास्त वर चढत जाऊन सैल होतो असं एक मत, कोरडा बसवला तर करकरतो असं दुसरं. किनाऱ्यावर मी अगदी पुसट थर लावतो, गंजापुरता, आणि टॉर्क पान्याने घट्ट करतो, शिमानो ३५ ते ५० न्यूटन मीटर सांगते. पायडलच्या आट्यांना मात्र वादच नाही, लावायचंच, डावं पायडल उलट्या आट्यांचं हे लक्षात ठेवून.

हबमध्ये परत तात्या आणि मी समोरासमोर आलो. ते म्हणाले, "बेअरिंग भरायचं, हब नाही भरायचा. जास्त ग्रीस म्हणजे जास्त गरमी." गाडीसाठी हा नियम शंभर टक्के खरा आहे. सायकलला गरमी नाही, त्यामुळे जास्त झालेलं ग्रीस फार तर बाहेर येतं आणि पुसून टाकावं लागतं, आणि ते जे कडेला साठून राहतं तेच पाण्यासमोर बांध घालतं. कटोरी अर्धी भरली, पुढे ३/१६ इंची दहा-दहा आणि मागे १/४ इंची नऊ-नऊ छर्रे त्यात दाबले, वरून परत ग्रीस, मग एक्सल. छर्रे सगळे नवीन टाकले, ते इतके स्वस्त असतात की जुने परत लावण्यात काहीच वाचत नाही. कोन घट्ट करताना थोडीशी, हाताला जेमतेम जाणवेल एवढी ढिलाई ठेवली कारण क्विक रिलीज आवळला की एक्सल दाबला जाऊन ती आपोआप जाते. इथे तात्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, मी पाने खाली ठेवले.

हेडसेटच्या खालच्या कटोरीला पुढच्या चाकाचं सगळं पाणी लागतं. पिंजरा काढून टाकला, ५/३२ इंची सुटे छर्रे भरले, ग्रीस इतकं की चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बसवल्यावर सगळीकडून बाहेर आलं, आणि जुन्या ट्यूबचा एक पट्टा कापून त्या जागेवर बाहीसारखा चढवला. जुने सायकलवाले हे करायचे. मडगार्ड दोन्ही चाकांना लावले, पुढच्याला खाली रबरी फडका पण.

आगोटीच्या आधी सायकल तयार झाली. मंदारने एका वहीत जागांची यादी केली, कुठे काय लावलं आणि परत कधी उघडायचं.

पावसाळ्यानंतर काय दिसलं

दसऱ्याच्या सुट्टीत परत उघडली. पुढचा हब उघडला तेव्हा आतलं ग्रीस जवळपास लावलं तसंच होतं, कोनवर एक सारखी चकचकीत पट्टी, खड्डा नाही. हेडसेटची खालची कटोरी स्वच्छ, ट्यूबच्या पट्ट्याच्या वर सगळी लाल माती साठलेली आणि आत काही नाही. सीट पोस्ट हाताने फिरवून निघाला, पांढऱ्या भुकटीचा मागमूस नव्हता. बीबीच्या भोकातून पाणी येऊन गेल्याची खूण होती, म्हणजे पाणी वरून येतच होतं, पण साठलं नव्हतं.

मागच्या हबला मात्र उजव्या बाजूला ग्रीस दुधाळ झालं होतं आणि त्यात बारीक रेती. ग्रीस वाहून गेलं नव्हतं, छर्रे पण ठीक होते, तरी इतकं पाणी त्याच बाजूला का? विचारल्यावर कळलं की ऑगस्टमध्ये चिखलाने सायकल भरली म्हणून मंदारने ती गाड्यांच्या सर्व्हिसिंग सेंटरवर नेऊन प्रेशरने धुऊन घेतली होती, आणि कॅसेट साफ व्हावी म्हणून पाण्याची धार त्याच बाजूने मारली होती. त्या धारेसमोर कुठलंच सील आणि कुठलंच ग्रीस उभं राहत नाही.

फ्रीहबने पूर्ण पावसाळ्यात दगा दिला नाही. तेल एकदा मधे टाकलं होतं.

आणि स्टेम अडकला. क्विल स्टेम जोडणीच्या वेळी ग्रीस लावूनच बसवला होता, पण वहीतल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. सीट पोस्ट दर दोन महिन्यांनी निघत होता, स्टेमला त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. तोही अॅल्युमिनियमचा, तोही स्टीलच्या ट्यूबमध्ये, वर घामाचं पाणी थेट त्याच्यावर पडणारं. वरचा बोल्ट थोडा सैल करून त्यावर लाकूड ठेवून हातोडीने ठोकलं, आतली पाचर सुटली, मग पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल डावी-उजवीकडे फिरवत फिरवत तो निघाला. भुकटी धरायला सुरुवात झाली होती. एक वर्ष आणखी गेलं असतं तर इथेही हॅक्सॉच लागली असती.

वेगळं काय करता आलं असतं

स्टेमची गोष्ट सगळ्यात मोठी. यादी करताना "ग्रीस कुठे लावलं" असं विचारलं गेलं, त्याऐवजी "कुठे अॅल्युमिनियम स्टीलमध्ये बसलंय" असं विचारलं असतं तर स्टेम, सीट पोस्ट, बीबीच्या अॅल्युमिनियमच्या कडा, बाटलीच्या स्टँडचे बोल्ट हे सगळं एका ओळीत आलं असतं. आता वहीत ते पान वेगळं केलंय.

धुण्याबद्दल आधीच बोलायला हवं होतं. ग्रीस निवडण्यावर इतका वेळ दिला आणि सायकल धुणार कशी हा प्रश्न कुणी काढलाच नाही. बादली, मऊ ब्रश, गोड्या पाण्याचा वरून हलका शिडकावा, आणि किनाऱ्यावरून आल्यावर तो लगेच, एवढं पुरतं.

मरीन ग्रीसचा डबा मोठा मिळाला, तो एका माणसाला कित्येक वर्षं संपणार नाही, आणि उघडा डबा शेडमध्ये राहिला की त्यात रेती जाते, मग ते ग्रीस कितीही चांगलं असो, बेअरिंगला ते नको. छोट्या हवाबंद डब्यांत वाटून गावातल्या इतर सायकलवाल्यांना सुरुवातीलाच दिलं असतं तर बरं झालं असतं. ते आता केलं.

मरीन ग्रीस घ्यायलाच हवं होतं का, हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. पुण्यात किंवा नाशकात राहणाऱ्याला नाही. तिथे साधं लिथियम नंबर २ घ्या, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर उघडा, मस्त चालेल. एपी थ्रीच हाताशी असेल तर तेही लावा, फक्त फ्रीहबपासून लांब ठेवा. मंदारच्या बाबतीत ते ग्रीस योग्य ठरलं कारण तो रोज समुद्राशेजारून चालवतो आणि नोकरीमुळे दोन-दोन महिने सायकल उघडायला वेळ मिळत नाही.

मागचा हब त्याच वेळी साफ करून परत भरला, नवीन छर्रे टाकले. स्टेम घासून ग्रीस लावून बसवला, यादीत त्याचं नाव तात्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि पुढची तारीख डिसेंबरची टाकली.